पर्यटन प्रसार आणि आतिथ्य कर्मचारी : छत्रपती संभाजीनगर

हॉटेलच्या रिसेप्शनवरचे कर्मचारी, वेटर, टुरिस्ट टॅक्सीचे चालक, परवानाधारक गाइड ही माणसे पर्यटकाला काय सांगतात, काय सुचवतात आणि कशापासून सावध करतात, यावर त्या शहराचे नाव बरेचसे अवलंबून असते. जाहिरात पर्यटकाला गावापर्यंत आणते. तो एक रात्र राहणार की तीन, आणि परत गेल्यावर नातेवाइकांना काय सांगणार, हे ठरते ते या लोकांशी झालेल्या बोलण्यातून. बड्या हॉटेलांत या कामासाठी कॉन्सिएर्ज हे वेगळे पद असते. पॅरिसमधल्या कॉन्सिएर्जनी 1929 मध्ये आपली संघटना उभी केली. कोटाच्या कॉलरवरच्या सोनेरी किल्ल्या ही तिच्या सदस्यांची खूण. भारतात केंद्रीय पर्यटन मंत्रालयाने 2005 मध्ये सुरू केलेली ‘अतिथी देवो भव’ ही मोहीम टॅक्सीचालक, गाइड, हॉटेल कर्मचारी अशा पर्यटकाशी थेट संबंध येणाऱ्यांना डोळ्यांपुढे ठेवूनच आखली होती. मध्यम आकाराच्या शहरांतल्या बहुतेक हॉटेलांत कॉन्सिएर्ज नसतो. त्याचे काम समोर जो असेल तो करतो.

छत्रपती संभाजीनगरात (पूर्वीचे औरंगाबाद) हे फार स्पष्ट दिसते. 1983 मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेली अजिंठा आणि वेरूळ ही दोन्ही लेणी पाहायला लोक इथेच मुक्काम करतात. वेरूळ सुमारे 30 किलोमीटरवर, अजिंठा सुमारे 100. शहराची अडचणही यातच आहे. पर्यटक लेण्यांसाठी येतो, शहरात फक्त झोपतो आणि तिसऱ्या दिवशी निघून जातो.

अशा वेळी रिसेप्शनवरच्या एका वाक्याने सहल वाचते. अजिंठा सोमवारी बंद असते आणि वेरूळ मंगळवारी. रविवारी रात्री उशिरा चेक-इन करणाऱ्या कुटुंबाला हे ठाऊक असेलच असे नाही. “सर, उद्या सोमवार, अजिंठा बंद. उद्या वेरूळ करून घ्या, परवा सकाळी लवकर अजिंठ्याला निघा,” असे सांगणारा कर्मचारी त्यांचा दिवस वाचवतोच, शिवाय मुक्कामाचीही नीट घडी बसवून देतो. अनुभवी माणूस याच्याही पुढे जातो. वाटेवरचा दौलताबादचा किल्ला ऊन चढायच्या आत करा, म्हणतो. वेरूळची लेणी पश्चिमाभिमुख असल्याने दुपारनंतर आत उजेड चांगला येतो, हे सांगतो. घृष्णेश्वराच्या गाभाऱ्यात जाताना पुरुषांना अंगातला शर्ट काढावा लागतो, हेही आधीच कानावर घालतो. अजिंठ्याला खासगी गाड्या फर्दापूरच्या फाट्यावरच थांबतात, पुढचे सुमारे 4 किलोमीटर बसने जायचे आणि मग पायऱ्या चढायच्या. सोबत म्हातारी माणसे असतील तर डोलीवाले मिळतात. या गोष्टी इंटरनेटवरही सापडतात. पण पाहुण्याच्या आईचे गुडघे दुखताहेत हे काउंटरवरच्या माणसाला दिसते, म्हणून त्याचा सल्ला अधिक कामाचा.

चालकाचा वाटा याहूनही मोठा आहे, कारण पर्यटक सर्वांत जास्त वेळ त्याच्यासोबत असतो. वेरूळहून परतताना तो गाडी पाणचक्कीला थांबवेल की थेट हॉटेलवर आणेल, यावर शहराची ओळख होणे-न होणे अवलंबून असते. मलिक अंबरने 1610 मध्ये खडकी या नावाने वसवलेले गाव, 1612 चा भडकल दरवाजा, जमिनीखालून नळांनी आणलेले नहरीचे पाणी, बीबी का मकबऱ्यामागच्या डोंगरातली बौद्ध लेणी हे सारे ‘लोकल’ या एका शब्दात उरकले जाते. चालकाला त्यातली गोष्ट सांगता आली, तर याच ‘लोकल’साठी एक दिवस वाढतो.

या व्यवस्थेची दुखरी बाजू कमिशनची आहे. पर्यटकाला रेशीम-सुताच्या हिमरू शालीच्या किंवा पैठणीच्या दुकानात नेल्याबद्दल चालकाला वा गाइडला कट मिळणे ही अनेक पर्यटनस्थळांसारखी इथलीही जुनी रीत. तुटपुंज्या पगारात तो आधार असतो, हे मान्य केलेच पाहिजे. तरीही यंत्रमागाचे कापड हातमागाचे म्हणून गळ्यात पडले की पाहुण्याचा विश्वास उडतो, आणि नुकसान पैठणच्या खऱ्या विणकराचेही होते. उलट, सुमारे 50 किलोमीटरवरच्या पैठणला नेऊन मागावर बसलेला कारागीर दाखवणारा चालक एकाच फेरीत विणकराचे, शहराचे आणि स्वतःचेही भले करतो.

जेवणाच्या बाबतीत शहर स्वतःला फारच कमी दाखवते. नान-खलिया (नानसोबतचा मटणाचा रस्सा) ही इथली खास ओळख, पण अनेक हॉटेलांच्या बुफेत पनीर बटर मसालाच मांडलेला असतो. पाहुण्याने विचारल्यावर त्याला जुन्या शहरातल्या खानावळीचा पत्ता देणारा वेटर आपल्या मालकाचे एक जेवण घालवतो, पण शहराची आठवण पक्की करतो. मालकांनी याला आडकाठी करू नये. अधिक चांगले म्हणजे तो पदार्थ आपल्याच स्वयंपाकघरात रांधावा.

शहरात 1989 पासून हॉटेल व्यवस्थापनाची नावाजलेली संस्था आहे, पण तिथले पदवीधर मोठ्या साखळी हॉटेलांकडे आणि परदेशी जातात. लॉजच्या काउंटरवर बसणारा मुलगा बहुधा सिल्लोड, कन्नड, खुलताबादकडचा असतो आणि काम पाहून पाहून शिकतो. त्याला अजिंठ्याच्या पहिल्या क्रमांकाच्या लेण्यातले पद्मपाणी बोधिसत्त्वाचे चित्र आणि सव्विसाव्यातले बुद्धाच्या महापरिनिर्वाणाचे शिल्प हॉटेलच्या खर्चाने, गाइडसोबत दाखवणे हे कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा स्वस्त आणि परिणामकारक प्रशिक्षण आहे. जपान, थायलंड, श्रीलंकेतून येणाऱ्या बौद्ध यात्रेकरूंमुळे जपानी वगैरे भाषा जाणणाऱ्या गाइडांना इथे पूर्वीपासून मागणी आहे. हॉटेलांत मात्र या भाषांची जाण फारशी रुजलेली नाही.

हे काम हंगामी आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी गर्दी, एप्रिल-मेच्या उन्हात शुकशुकाट. मार्च 2020 मध्ये करोनामुळे लेणी बंद झाली ती डिसेंबरमध्ये उघडली, आणि त्या काळात अनेक गाइड व चालकांना दुसरी कामे धरावी लागली. त्यातले जे परतले नाहीत, त्यांच्यासोबत कोणत्या लेण्यात किती वाजता थांबायचे हे वर्षानुवर्षांचे ज्ञानही गेले, आणि ते कुठेच लिहून ठेवलेले नव्हते.