पहिली दुर्बीण घेताना ‘किती पट’ विचारू नका

फेब्रुवारीत घोडबंदर रोडच्या आमच्या सोसायटीत शेजारच्या सातवीतल्या मुलीसाठी दुर्बीण आली. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘५२५ पट’. रात्री सगळे गच्चीवर जमलो. २० मिलिमीटरची आयपीस (डोळा लावायचं भिंग) लावली, गुरू सापडला, आजूबाजूला एका रेषेत चार चंद्र. पोरगी नाचायलाच लागली. मग तिच्या बाबांनी ४ मिलिमीटरची आयपीस आणि तिप्पट करणारं बार्लो भिंग चढवलं. गुरूचा करडा, थरथरता गोळा झाला आणि काही सेकंदांत नजरेआड गेला. “खराब पीस आला का हो?”

पीस धड होता. ‘पट’ हा साधा भागाकार आहे: मुख्य भिंगाचं नाभीय अंतर (भिंगापासून दूरच्या वस्तूची प्रतिमा जिथे उमटते तिथवरचं) भागिले आयपीसचं. इथे मुख्य भिंगाचं ७०० मिलिमीटर; ७०० भागिले ४ म्हणजे १७५, त्याची तिप्पट ५२५. खरं विचारायचं ते दुर्बिणीचं तोंड, म्हणजे भिंगाचा किंवा आरशाचा व्यास. इथे तो ६० मिलिमीटर होता.

प्रकाश ही लहर. गोल तोंडातून आत शिरताना ती किंचित पसरते, हे विवर्तन. त्यामुळे बिंदूएवढ्या ताऱ्याचीही दुर्बिणीत बारीक चकती उमटते, आणि तिच्याहून बारीक तपशील वेगळा दिसत नाही. जॉर्ज एअरी यांनी १८३५ मध्ये तिचं गणित मांडलं: चकतीची कोनीय त्रिज्या म्हणजे १.२२ गुणिले तरंगलांबी भागिले तोंडाचा व्यास. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ५५० नॅनोमीटर धरली तर ६० मिलिमीटरला उत्तर येतं सुमारे २.३ विकला (अंशाचे ३६०० भाग केले की एक विकला). गुरूचं बिंब तेव्हा साधारण ४५ विकलांचं होतं. म्हणजे या कडेपासून त्या कडेपर्यंत जेमतेम वीस ठिपक्यांची रांगोळी! पट कितीही वाढवा, ठिपके वीसच राहतात, फक्त फुगतात आणि फिके पडतात. १३० मिलिमीटरच्या आरशात तेच ठिपके बेचाळीस होतात, शिवाय प्रकाश जवळपास पावणेपाच पट गोळा होतो. व्यासाच्या मिलिमीटरच्या दुपटीपलीकडे पट नेण्यात अर्थ नाही.

तेव्हा पैसे आरशावर घाला आणि उरलेले भक्कम स्टँडवर. १३० मिलिमीटरची, डॉब्सन पद्धतीच्या बैठकीवरची दुर्बीण मला सगळ्यात आवडते. ढकलली की फिरते, सोडली की थांबते. तेवढं बजेट नसेल तर १०×५० ची (दहा पट, ५० मिलिमीटर तोंडाची) द्विनेत्री, म्हणजे बायनॉक्युलर घ्या. सूर्याकडे मात्र यातलं काहीही रोखू नका. अंधूक दीर्घिका ठाण्याच्या उजेडात हरवतात, त्यांच्यासाठी वांगणीसारख्या शहराबाहेरच्या अंधाऱ्या ठिकाणी जावं लागतं. पण चंद्र, गुरू, शनी गच्चीवरून उत्तम दिसतात.

शनीचं नाव घरात दबक्या आवाजात घेत असतील, तर त्या मंडळींना आधी त्याची कडी दाखवा. सूर्याभोवती एका फेरीला त्याला साडेएकोणतीस वर्षं लागतात, म्हणजे बारा राशींतल्या एकीला सुमारे अडीच आणि तिघींना साडेसात. साडेसाती हा एवढाच हिशेब आहे, त्यात कुणाच्या नोकरीचं किंवा लग्नाचं काही नाही.

त्या रात्री आम्ही पुन्हा २० ची आयपीस लावली. पोरीने वहीत गुरू आणि चार टिंबं काढली. दुसऱ्या रात्री सगळ्यात आतलं टिंब पलीकडच्या बाजूला गेलेलं होतं. तो आयो, पावणेदोन दिवसांत गुरूला एक फेरी मारणारा.