गेममधला खबऱ्या

दिवाळीत सांगलीला विश्रामबागेत बहिणीकडं गेलो होतो, तिथं भाचा आणि त्याचे कॉलेजचे तीन-चार मित्रमैत्रिणी लॅपटॉपभोवती कोंडाळं करून बसलेले. मला वाटलं गाड्यांचा नाहीतर मारामारीचा गेम असणार, पण स्क्रीनवर नुसतं वाचायचंच काम चाललेलं, कुणाचं तरी चॅट, जुन्या बातम्या, चोरून ऐकलेले फोन, आणि पोरं श्वास रोखून बघतायत.

गेमचं नाव ‘ऑर्वेल’, जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या ऑस्मॉटिक स्टुडिओजनं २०१६ मध्ये काढलेला. एका काल्पनिक देशात राजधानीतल्या चौकात बॉम्बस्फोट होतो, त्या देशाच्या सरकारनं लोकांवर पाळत ठेवायची एक गुप्त यंत्रणा उभी केलेली असते, आणि ती चालवायला बसवलेला माणूस म्हणजे आपण, म्हणजे खेळणारा. लोकांचं खासगी आयुष्य उघडून वाचायचं आणि त्यातले कामाचे वाटतील ते माहितीचे तुकडे उचलून वर पाठवायचे. आता यातली खरी मेख बघा, वर बसलेल्या सल्लागार अधिकाऱ्याला ते चॅट, त्या बातम्या काहीच दिसत नाहीत, त्याला फक्त तुम्ही उचललेला तुकडा दिसतो आणि तेवढ्यावर तो पुढचा निर्णय घेतो. कधी दोन तुकडे एकमेकांच्या विरुद्ध असतात, त्यातला एकच पाठवता येतो, आणि एकदा पाठवला की परत घेता येत नाही.

पहिला अर्धा तास पोरं नुसती खूश होती. ‘उघड की लगा तो फोल्डर’, ‘थांब, आधी हिचं प्रोफाइल बघू’. दुसऱ्याचं गुपित उघडायची ही ओढ मेंदूतच बसलेली आहे. जॉर्ज लोवेनस्टाइन या संशोधकानं १९९४ मध्ये मांडलं होतं की आपल्याला माहीत असलेलं आणि हवं असलेलं यात फट दिसली की ती खुपायला लागते आणि ती बुजवल्याशिवाय चैन पडत नाही. पुढं २००९ मध्ये अमेरिकेत काही लोकांना एमआरआय मशीनमध्ये झोपवून सामान्यज्ञानाचे प्रश्न दाखवले, तर ज्या प्रश्नाचं उत्तर कळावं असं त्यांना जास्त वाटत होतं तिथं मेंदूतला कॉडेट नावाचा भाग जास्त जागा झालेला दिसला, म्हणजे बक्षीस मिळणार असं वाटल्यावर जो जागा होतो तोच. गुपित हेच बक्षीस. पाळतीचा गेम या ओढीवरच चालतो, बंदूक लागतच नाही त्याला.

मग एका मुलीनं संशयित बाईचं एक वाक्य पुढचा-मागचा संदर्भ सोडून वर पाठवलं आणि त्या बाईवरचा संशय एकदम वाढला. खोली गप्प झाली. ‘अगं ती तसं म्हणत नव्हती’, एकजण म्हणाला. ‘मला काय माहीत असं होईल’, ती म्हणाली, आणि तिचा चेहरा खरंच उतरला होता.

हे माझ्या डोक्यात बसलं, कारण सांगली म्हणजे नाटकाचं गाव, १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ इथंच उभं केलं, आणि नाटकात खलनायक कितीही वाईट वागला तरी आपण खुर्चीत बसून हळहळतो, अपराधी वाटत नाही कारण ते आपण केलेलं नसतं. गेममध्ये क्लिक आपलं असतं. लुकास पोप यांच्या २०१३ च्या ‘पेपर्स, प्लीज’ या गेममध्येही तेच, तिथं तुम्ही सीमेवर पासपोर्ट तपासणारे कारकून, नियम मोडून एखाद्याला आत सोडलं तर पगार कापला जाणार आणि घरच्यांचं जेवण किंवा शेकोटी यातलं काहीतरी बंद करावं लागणार, त्यामुळं शिक्का मारताना हात अडखळतो.

पण खोटं आहे हे माहीत असताना वाईट का वाटतं? यावर मला सगळ्यात पटणारा प्रयोग २००६ चा, मेल स्लेटर आणि सहकाऱ्यांचा. १९६० च्या दशकात स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी लोकांना समोरच्याला विजेचे झटके द्यायला सांगितलं होतं (झटके खोटेच होते, पण देणाऱ्याला ते माहीत नव्हतं), तोच प्रयोग स्लेटर यांनी व्हर्च्युअल रिॲलिटीत केला. समोर कॉम्प्युटरनं बनवलेली बाई, उत्तर देताना चुकली की झटका द्यायचा. ३४ लोक होते, त्यातल्या २३ जणांना ती दिसत होती, ऐकू येत होती, ११ जणांशी ती फक्त लिहून बोलत होती. ती खरी नाही हे प्रत्येकाला ठाऊक होतं. तरी जे तिला बघत होते त्यांच्या हृदयाचे ठोके आणि तळहाताचा घाम खरा ताण दाखवत होते, काहीजण तर मधेच थांबले. शरीराला ‘हे नाटक आहे’ एवढं सांगून भागत नाही. आणि माणूस नुसता अक्षरं होऊन समोर आला की झटका देणं सोपं जातं, हे मला जास्त घाबरवतं, कारण पाळत ठेवणाऱ्याच्या समोर आपण सगळे अक्षरंच असतो.

एकजण म्हणाला, ‘माझ्याकडं लपवायला कायच नाही, वाचू दे की.’ भाच्यानं लगेच क्रिकेटच्या ग्रुपवरचा त्याचाच मेसेज दाखवला, ‘उद्या मिरजवाल्यांना उडवायचंय, एकपण शिल्लक ठेवायचा नाही’. आता हे वाक्य एकटं उचलून पाठवा म्हणाला. पोरगं हसलं पण मग फोन पालथा घातला त्यानं, आणि बराच वेळ उचलला नाही. या पालथ्या फोनलाही संशोधनात जागा आहे बरं का. जून २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेननं अमेरिकी सरकारची गुप्त पाळत उघड केली, त्यानंतर जॉन पेनी या अभ्यासकानं दहशतवादाशी संबंधित विषयांवरचे विकिपीडियाचे ४८ लेख किती वाचले जातात ते तपासलं, तर वाचन घटलेलं दिसलं. कुणी बंदी घातली नव्हती. आपल्याला कुणीतरी बघतंय एवढं वाटलं की माणूस कायदेशीर गोष्टही वाचायची टाळतो.

हे सगळं चालू असताना बहिणीच्या सासूबाई कॉटवर बसून ऐकत होत्या. नव्वदीला टेकल्यात, लहानपण कुंडलजवळच्या गावात गेलेलं, म्हणजे १९४३ ते ४६ च्या प्रतिसरकारचा, क्रांतिसिंह नाना पाटलांचा मुलूख. सगळं गाव भूमिगतांना भाकरी पोचवायचं आणि तोंड बंद ठेवायचं, तिथं गुपित सरकारचं नव्हतं, लोकांचं होतं. त्यांनी विचारलं, ‘ह्यात तुमी कोण?’ भाचा म्हणाला, ‘इन्व्हेस्टिगेटर, आजी.’ त्यांनी दोन मिनिटं नीट समजून घेतलं, कोण वाचतं, कुणाला सांगतं, मग म्हणाल्या, ‘म्हंजे खबऱ्याच की रं.’

पोरांना हा शब्द लागला. त्यांनी तो एपिसोड पहिल्यापासून चालू केला, यावेळी प्रत्येक तुकड्यापाशी वाद, हे पाठवायचं का नको, सगळं दाबून ठेवलं आणि परत स्फोट झाला तर? तीही भीती खरीच आहे, गेम ती तुमच्यापासून काढून घेत नाही. मुलगी त्याच वाक्यावर येऊन थांबली.

आजी कॉटवरून उतरून स्क्रीनजवळ आल्या, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, ‘ती बाई कुठली, तिचा फोटो दाव आधी.’