ज्वालामुखी-पार्श्वपतन : धोक्याचे मूल्यमापन

ज्वालामुखी पर्वताची एखादी बाजू, कधी शिखरासह, सुटून घसरते आणि काही क्षणांत फुटून शिलालोटाच्या रूपाने खाली धावते, त्याला पार्श्वपतन म्हणतात. शिलारसाची कोठी रिकामी होऊन माथा आत खचणे व ज्वालामुखकुंड तयार होणे ही निराळी प्रक्रिया असून येथे ती अभिप्रेत नाही.

जपानमधील बांदाइ (१८८८) आणि रशियाच्या कामचाटका द्वीपकल्पातील बेझिम्यान्नी (१९५६) येथील पतनांची वर्णने आधीपासून उपलब्ध होती. मात्र १८ मे १९८० रोजी अमेरिकेतील माउंट सेंट हेलेन्स या ज्वालामुखीची उत्तर बाजू कोसळताना प्रत्यक्ष पाहिल्यावरच जुन्या निक्षेपांचा (साचलेल्या दगडमातीच्या थरांचा) उलगडा झाला. घोड्याच्या नालेच्या आकाराचे विवर व त्याच्या पायथ्याशी विखुरलेली शेकडो टेकाडे यांना त्याआधी हिमोढ (हिमनदीने आणून टाकलेले दगडमातीचे ढीग), चिखललोटाचे अवशेष किंवा लहान ज्वालामुखी समजत. कॅलिफोर्नियातील शास्ता पर्वताच्या उत्तरेकडील टेकाडांचा खरा अर्थ याच घटनेनंतर लागला. गेल्या सुमारे ५०० वर्षांत मोठी पतने जगभरात शतकाला किमान चार या प्रमाणात झाली असावीत. सागरी बेटांवरील नोंदी तुटक असल्याने हा आकडा कमीच धरलेला दिसतो.

कारणांनुसार तीन प्रकार मानतात : ताजा शिलारस आत घुसून झालेले (बेझिम्यान्नी), वाफेच्या स्फोटाने झालेले (बांदाइ) व उद्रेकाविना झालेले (जपानमधील उन्झेन). वस्तीच्या दृष्टीने तिसरा प्रकार सर्वांत अडचणीचा, कारण त्यात उद्रेकाची पूर्वसूचना मिळत नाही. १७९२ मध्ये उन्झेनजवळील मायुयामा हा जुना लाव्हा-घुमट (घट्ट लाव्हा साचून बनलेला डोंगर) भूकंपाने समुद्रात कोसळला. सुमारे १५,००० माणसे मेली, त्यांतील अनेक खाडीच्या पलीकडच्या किनाऱ्यावरची होती.

मूल्यमापनाची सुरुवात जुन्या निक्षेपांच्या नकाशाने होते. निक्षेपात गाडलेल्या लाकडावरून कार्बन-कालमापन करतात. त्यानंतर डोंगराची दुर्बल बाजू शोधली जाते. आम्लधर्मी गरम पाण्याने व वायूंनी खडकातील फेल्स्पार हे खनिज कुजून त्याची चिकणमाती होते. त्यामुळे खडकाचे बळ घटते, शिवाय पाणी झिरपेनासे होऊन आतला दाब कोंडला जातो. हेलिकॉप्टरमधून केलेल्या चुंबकीय व विद्युतचुंबकीय सर्वेक्षणात असे पट्टे ओळखता येतात, कारण कुजलेल्या खडकाचे चुंबकत्व नष्ट झालेले असते व त्याची विद्युत्‌वाहकता वाढलेली असते. अमेरिकेतील रेनिअर पर्वताचा पश्चिम उतार याच कारणाने अधिक धोक्याचा मानला जातो. पूर्वेकडचा बराचसा कुजका भाग सुमारे ५,६०० वर्षांपूर्वीच्या ऑसिओला चिखललोटात वाहून गेला आहे.

पुढची पायरी स्थैर्य-गणिताची. घसरणीला विरोध करणारे बल भागिले घसरवणारे बल म्हणजे सुरक्षा गुणांक. तो १ च्या खाली गेला की उतार टिकत नाही. प्रयोगशाळेतील सुट्या तुकड्याचे बळ भेगाळलेल्या अख्ख्या डोंगराला लावले, तर गुणांक फसवा वाढतो. आतील पाण्याचा दाब तर सहसा गृहीतच धरावा लागतो. म्हणून गुणांकाचा उपयोग कोणती बाजू आधी जाईल आणि किती घनफळ सुटेल हे ठरवण्यापुरताच करावा. कधी सुटेल हे त्यातून कळत नाही.

लोट कोठवर पोहोचेल, यावर सर्वाधिक वाद आहे. पतनाची उंची भागिले आडवे अंतर हे गुणोत्तर ज्वालामुखी शिलालोटांत बहुधा ०.१ ते ०.२ च्या आसपास येते. म्हणजे २ किमी. उंचीच्या पतनाची पोहोच १० की २० किमी. हे एवढ्याशा फरकावर ठरते, आणि एखादे गाव धोक्याच्या रेषेच्या आत की बाहेर हेही. मोठ्या लोटांत हे गुणोत्तर घटते. त्यासाठी हवेच्या गादीची कल्पना एकेकाळी पुढे आली होती, पण तशाच दूरगामी घसरणी निर्वात चंद्रावरही आढळतात. राशीचा मध्य फारसा दूर जात नाही, ती नुसती पसरते व पुढची कड लांब जाते, हे स्पष्टीकरण अधिक ग्राह्य वाटते. तसे असेल तर या गुणोत्तराला घर्षणांक समजणे चूक ठरते आणि व्याप्त क्षेत्राचा घनफळाशी संबंध लावणे बरे. क्षेत्र हे घनफळाच्या दोन-तृतीयांश घाताच्या पटीत येते. सेंट हेलेन्सवर सुमारे २.५ घ.किमी. राशीने ६० चौ.किमी. व्यापले, म्हणजे पट साधारण ३३. पाणी व चिकणमाती मिसळून झालेल्या चिखललोटासाठी (लाहार) प्रचलित पट २०० आहे. १० कोटी घ.मी.चा लाहार या हिशेबाने सुमारे ४३ चौ.किमी. बुडवतो. तेव्हा राशी कोरडी राहील की लाहार होईल, हा प्रश्न घनफळाइतकाच महत्त्वाचा. कुजका, पाण्याने भरलेला खडक सहज लाहार होतो. निकाराग्वातील कासिता येथे १९९८ च्या मिच चक्रीवादळात सुटलेली रास मुळात लहान होती. वाटेत माती-पाणी घेत ती फुगली आणि २,००० हून अधिक लोक दगावले. ती गावे जुन्या लाहाराच्याच वाटेवर वसलेली होती. आणखी एक चूक म्हणजे आडव्या कड्याला भिंत समजणे : सेंट हेलेन्सचा लोट ३०० मी.हून उंच डोंगरसोंड ओलांडून गेला.

बेटांबाबत सुनामीचे गणित वेगळे करावे लागते. इंडोनेशियातील अनाक क्राकाटाऊ या ज्वालामुखी बेटाच्या नैर्ऋत्येकडील पतनाचे ०.२८ घ.किमी.चे प्रतिमान २०१२ मध्येच प्रसिद्ध झाले होते; २२ डिसेंबर २०१८ रोजी तीच बाजू गेली. इशारा-यंत्रणा भूकंपांवर बेतलेली असल्याने लोकांना सूचना मिळाली नाही व ४०० हून अधिक बळी गेले. स्पेनच्या कॅनरी बेटांपैकी ला पाल्मावरून अटलांटिकपार महालाटा जातील, हे २००१ मधील भाकीत मात्र अतिशयोक्त मानले जाते. समुद्रतळावरील निक्षेप पाहता अशी पतने एकदम न होता टप्प्याटप्प्याने झाली असावीत.

देखरेखीसाठी जीपीएस, उपग्रह-रडार व भूकंपमापक वापरतात. सेंट हेलेन्सचा फुगवटा दिवसाला सुमारे दीड ते दोन मीटर वाढत होता, पण पतनापूर्वी त्या वेगात वाढ झाली नव्हती. म्हणून खोऱ्यांमध्ये प्रत्यक्ष लाहाराची कंपने टिपणारी यंत्रे बसवतात. रेनिअरवर ती १९९८ पासून आहेत. खालच्या ऑर्टिंग गावाला त्यामुळे मिळणारा अवधी जेमतेम तासाभराचा. परिणामी, गाव रिकामे करण्याच्या वाटा खोऱ्यातून खाली न नेता जवळच्या उंच कडेकडे पायी जाता येईल अशा आखाव्या लागतात.