अंधारात नेम धरताना डोळा कुठे दगा देतो

पिक्चरमध्ये लाइट गेले की हिरो नुसत्या आवाजावर गोळी मारतो आणि ती बरोबर व्हिलनलाच लागते. त्यामुळे बऱ्याच जणांना वाटतं, अंधारात नेमबाजीची प्रॅक्टिस केली की डोळे तयार होतात. कसले तयार होतात! डोळा आहे तसाच राहतो, म्हणून तर प्रॅक्टिस लागते.

दृष्टिपटलावरच्या दोन तऱ्हेच्या पेशी शाळेत शिकलोय. शंकूपेशी साधारण ६० लाख, रंग आणि बारकावे बघणाऱ्या, पण त्यांना उजेड लागतो. दंडपेशी १२ कोटींच्या आसपास, अंधुक उजेडातल्या. गोची अशी की आपण रोखून बघतो तेव्हा चित्र ज्या मधल्या खळग्यात पडतं तिथे दंडपेशी नसतातच (अंधबिंदू तो वेगळा, घोळ नको). त्या सर्वात दाट असतात साधारण २० अंश बाजूला. फिकट ताऱ्याकडे रोखून बघा, गायब होतो, नजर जरा बाजूला सरकवा, परत हजर. आणि नेम तर रोखूनच धरायचा असतो!

आता माझा आवडता भाग. दंडपेशीत रोडॉप्सिन असतं, म्हणजे ऑप्सिन हे प्रोटीन आणि त्यात अडकवलेलं, अ जीवनसत्त्वापासून बनलेलं रेटिनल. या रेटिनलची शेपटी वाकडी असते, फोटॉन म्हणजे प्रकाशाचा कण आदळला की ती सरळ होते, त्या झटक्याने प्रोटीनचा आकार बदलतो आणि सिग्नल निघतो. पण सरळ झालेलं रेटिनल बाद, ते सुटून शेजारच्या थरात जातं, तिथे परत वाकवलं जातं आणि मग माघारी येतं. डोळे अंधाराला सरावतात ते मुख्यतः या फेऱ्यांमुळे आणि त्याला ३० ते ४० मिनिटं लागतात, तुम्ही चॅम्पियन असा नाहीतर नवशिके. गाजराचंही तेच. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी विमानातलं रडार लपवायला वैमानिक गाजरं खातात असं पसरवलं, लोक अजून खातायत. अ जीवनसत्त्व कमी पडलं तर रातांधळेपणा येतो हे खरं, पण पुरेसं असेल तर जादा गाजराने काही होत नाही.

शिवाय बाहुली विस्फारते त्यामुळे फोकसची खोली घटते, म्हणजे जवळचं आणि लांबचं एकदम स्पष्ट दिसत नाही, फ्रंट साइट (नळीच्या टोकावरची नेमाची खूण) नीट दिसली तर टार्गेट आणखी पुसट. त्यात पहिल्या गोळीचा फ्लॅश, की डोळ्यासमोर डाग तरंगायला लागतो आणि दुसरा नेम त्या डागामागे.

ट्रिशियमच्या चमकणाऱ्या साइट मिळतात (ट्रिशियम म्हणजे किरणोत्सर्गी हायड्रोजन, १२.३ वर्षांत ते निम्मं होतं), पण त्या बंदूक कुठे रोखलीय तेवढंच सांगतात, समोर कोण आहे ते नाही. त्याला टॉर्चच हवा, आणि धुक्या-धुरात जास्त ल्युमेनवाला, म्हणजे जास्त उजेडाचा टॉर्च उलट आपल्याच डोळ्यावर चमकतो, जाहिरातीत हे नसतं. टॉर्चने एक हात अडकला की पकड बदलते, मॅगझिन बदलताना तो काखेत धरायचा की दातात इथपासून गोंधळ. म्हणून आधी बंदूक पूर्ण रिकामी, दोनदा तपासलेली, खोलीत लख्ख उजेड, मग हळूहळू दिवे कमी, आणि समोरचं ओळखू येईपर्यंत बोट ट्रिगरबाहेर. जिवंत गोळ्या त्यानंतर, रेंजवर, शिकवणारा शेजारी उभा असताना.