जडत्व आणि वस्तुमानाचा उगम

स्थिर वस्तू स्थिर राहते, चालती वस्तू सरळ रेषेत त्याच वेगाने चालत राहते; हे बदलायला बल लागते. पदार्थाच्या या गुणधर्माला जडत्व म्हणतात आणि त्याचे माप म्हणजे वस्तुमान. सोलापूरच्या यंत्रमागांवर ते दिवसभर दिसते. फटका बसून सुटलेला धोटा (आडवा धागा वाहून नेणारा मागाचा भाग) उभ्या धाग्यांच्या दोन थरांमधून पलीकडे जातो. वाटेत त्याला कोणी ढकलत नाही, पण पोहोचल्यावर अडवावेच लागते. हाच माग चंद्रावर चालवला तर धोट्याचे वजन सहाव्या हिश्शावर येईल. त्याला थांबवायला लागणारे बल मात्र तेवढेच राहील.

न्यूटनने 1687 मध्ये वस्तुमान गृहीत धरले, त्याचा उगम सांगितला नाही. विश्वातील दूरच्या सगळ्या पदार्थामुळे जडत्व निर्माण होत असावे, असे ऑस्ट्रियन भौतिकशास्त्रज्ञ एर्न्स्ट माखच्या विचारांतून पुढे आले. आइन्स्टाइनला ही कल्पना फार भावली होती, तरी त्याच्या व्यापक सापेक्षता सिद्धांतात ती पूर्णपणे बसली नाही.

खरा उलगडा आइन्स्टाइनच्याच 1905 च्या निष्कर्षातून सुरू होतो: वस्तूत साठलेली ऊर्जा हीच तिचे जडत्व. अणुकेंद्रातील प्रोटॉन या कणाचे वस्तुमान ऊर्जेच्या एककात सुमारे 938 मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट आहे, पण त्यातील तीन क्वार्कांच्या, म्हणजे त्याला घडवणाऱ्या मूलकणांच्या, वस्तुमानांची बेरीज जेमतेम 9 भरते. उरलेले जवळजवळ सगळे वस्तुमान म्हणजे क्वार्कांच्या धावपळीची आणि त्यांना बांधून ठेवणाऱ्या बलाच्या, म्हणजे ग्लुऑन क्षेत्राची ऊर्जा. म्हणजे मागावरच्या एक किलो सुतात क्वार्कांच्या स्वतःच्या वस्तुमानाचा वाटा साधारण 10 ग्रॅमच! महासंगणकांवरील गणनांनीही हे चित्र पक्के केले आहे. म्हणून ‘हिग्ज कणामुळे सगळ्याला वस्तुमान मिळते’ हे सर्रास ऐकू येणारे विधान दिशाभूल करणारे आहे.

सगळ्या अवकाशात पसरलेल्या हिग्ज क्षेत्राची कल्पना 1964 मधली. त्याचा कण सापडल्याची घोषणा सर्न या युरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळेने 4 जुलै 2012 रोजी केली. इलेक्ट्रॉन, क्वार्क यांसारख्या मूलकणांना वस्तुमान मिळते ते या क्षेत्राशी होणाऱ्या आंतरक्रियेमुळे. हा वाटा लहान असला तरी क्षुल्लक नाही, कारण इलेक्ट्रॉन वस्तुमानरहित असता तर अणूच बांधले गेले नसते. हे क्षेत्र कणांना घर्षणासारखे अडवते, असे वर्णन मात्र टाळावे: घर्षण एकसमान गतीलाही रोखते, जडत्व केवळ गतीतील बदलाला विरोध करते.

कोणत्या मूलकणाला किती वस्तुमान, हे अजून कोणत्याही सिद्धांतातून निघत नाही. टॉप क्वार्क हा क्वार्कांचा सर्वांत जड प्रकार इलेक्ट्रॉनच्या सुमारे 3 लाख 38 हजार पट जड आहे. हे आकडे मोजमापातूनच घ्यावे लागतात.