ट्राउटचे ओढे: आधी उतार, मग काठ

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याचा नैर्ऋत्य कोपरा हिमयुगात बर्फाखाली गेलाच नाही. म्हणून तिथे खोल दऱ्या, उभे उतार आणि चुनखडकातून बारमाही वाहणारे गार झरे उरले. ट्राउटला आणखी काय हवे? हा मासा थंड पाण्यातला, मादी खडीत अंडी घालते. खडीवर गाळ बसला की अंडी तिथेच गुदमरतात.

एकोणिसाव्या शतकात वस्तीला आलेल्या शेतकऱ्यांनी उतार वरून खाली नांगरले, डोंगरावरच्या रानात गुरे घातली. पाऊस जिरेनासा झाला. १९३० च्या सुमारास याच भागातल्या कून क्रीक या ओढ्याच्या खोऱ्यात घळीच घळी होत्या आणि तळाला वाहून आलेली माती. पूर यायचे, आणि एरवी उथळ ओढे उन्हात तापायचे. मूळचा ब्रुक ट्राउट मागे हटत गेला. उपाय एकच ठाऊक होता: हौदात वाढवलेले मासे आणून सोडायचे. दुष्काळी गावाला टँकर लावावा तसलाच प्रकार.

१९३३ मध्ये ह्यू हॅमंड बेनेट यांच्या मृद्‌संधारण खात्याने देशातला पहिला पाणलोट प्रात्यक्षिक प्रकल्प याच कून क्रीकवर सुरू केला. वन्यजीव अभ्यासक आल्डो लिओपोल्ड सल्लागारांत होते. उताराला आडवी समतल नांगरट, पट्ट्यापट्ट्याने वेगळी पिके घेणारी पट्टा पेरणी, रानातून गुरे बाहेर. आपल्याकडचे पाणलोटवाले ‘माथा ते पायथा’ म्हणतात, तेच. सारा खटाटोप मुख्यतः मातीसाठी होता, मासा त्यात ओघाने आला. पाणी मुरू लागले, झरे वाढले, ओढे पुन्हा गार झाले. पुढे काही दशकांत ब्राउन ट्राउट तिथे आपणहून वाढू लागला. हाही तसा पाहुणाच, त्याची अंडी १८८३ मध्ये जर्मनीहून अमेरिकेत आली. काश्मीर-हिमाचलात ब्रिटिशांनी सोडला तो हाच मासा.

प्रत्यक्ष ओढ्यातली कामे म्हणजे ओंडक्यांचे आडबांध, माशाला दडायला काठाखालची लाकडी छपरे. मिशिगनमध्ये मत्स्यशास्त्रज्ञ कार्ल हब्स आणि सहकाऱ्यांनी १९३० च्या दशकातच त्यांची पद्धत बसवली होती. मोजणी मात्र नीट झाली ती उशिरा. विस्कॉन्सिनच्याच लॉरेन्स क्रीकवर १९६४ मध्ये काठ बांधून काढले. संशोधक रॉबर्ट हंट यांनी वर्षानुवर्षे मासे मोजले, तेव्हा दिसले की माशांच्या संख्येला खरा भर पाचव्या वर्षाच्या आसपास आला. तीन वर्षांत अहवाल गुंडाळला असता तर काम ‘बरे’ ठरले असते, इतकेच.

अवघड प्रश्न कोलोरॅडोत निघाला. १९८८ मध्ये सहा डोंगरी ओढ्यांत निम्म्या भागात ओंडके टाकून डोह तयार केले. मोठ्या माशांची संख्या लगेच वाढली. पण संशोधक चार्ल्स गोवान आणि कर्ट फॉश यांना खुणा केलेल्या माशांवरून कळले की त्यांची वाढ वा तग धरणे सुधारलेले नाही, बरेचसे दुसरीकडून येऊन डोहात बसलेत. मग मासे वाढले की नुसते एका जागी जमले? दोन दशकांनी त्यांतले पाच ओढे पुन्हा तपासले, तेव्हा जवळजवळ सगळे ओंडके जागेवर होते आणि त्या डोहांत मोठे मासे अजूनही जास्त होते.