रावागेदे हत्याकांड व डच कबुली

इंडोनेशियातील पश्चिम जावा प्रांतात, कारावांग जिल्ह्यातील रावागेदे (सध्याचे बालोंगसारी) या खेड्यात 9 डिसेंबर 1947 रोजी डच सैन्याने केलेली निःशस्त्र पुरुषांची हत्या. राष्ट्राने आपल्याच सैन्याच्या गुन्ह्याची कबुली किती उशिरा आणि कोणत्या शब्दांत दिली, याचे उदाहरण म्हणून तिची चर्चा होते.

डच सत्तेविरुद्ध लढणाऱ्या इंडोनेशियन प्रजासत्ताकाच्या सैन्यातील सिलीवांगी डिव्हिजनचा अधिकारी लुकास कुस्तार्यो गावात लपल्याच्या संशयावरून मेजर वेयनन याच्या हाताखालच्या तुकडीने पहाटे गावाला वेढा दिला. कुस्तार्यो सापडला नाही. त्याचा ठावठिकाणा कोणी सांगेना, तेव्हा पुरुषांना बाजूला काढून रांगेत उभे केले व गोळ्या घातल्या. गावात धडधाकट पुरुष फारसे उरले नसल्याने प्रेते बायकांनीच पुरली, असे साक्षींत येते.

मृतांचा आकडा वादग्रस्त आहे. गावातील स्मारक व इंडोनेशियन परंपरा 431 मानते, तत्कालीन डच अहवाल 150. काही डच अभ्यासकांनी तो याहूनही खाली आणला आहे. 431 मध्ये आसपासच्या गावांतील मृतही मोजले गेले असावेत, असा एक तर्क असून तो बराच ग्राह्य वाटतो. मात्र लहान आकडा धरला तरी घटनेचे स्वरूप बदलत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या समितीने जानेवारी 1948 मध्येच ही कारवाई हेतुपूर्वक व निर्दय ठरवली होती. हत्येच्या आदल्याच दिवशी रेनव्हिल या अमेरिकी जहाजावर दोन्ही पक्षांत शस्त्रसंधीच्या वाटाघाटी सुरू झाल्या होत्या, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. मेजरवर खटला न भरण्याचे डच वरिष्ठांनी ठरवले.

कबुलीचा खरा अडसर शब्दांत होता. डच सरकार इंडोनेशियातील आपल्या 1947 व 1948 च्या लष्करी मोहिमांना ‘पोलिसी कारवाई’ म्हणत असे. युद्ध नसून घरातला बंदोबस्त, असे एकदा म्हटले की ‘युद्धगुन्हा’ हा शब्दच बाद होतो. माजी सैनिक योप हुटिंग याने 1969 मध्ये दूरचित्रवाणीवर आपल्या सैन्याचे अत्याचार उघड केल्यावर सरकारने घाईने एक टिपण प्रसिद्ध केले. त्यात ‘अतिरेक’ हा शब्द योजला होता आणि एकंदर सैन्य नीट वागले, असा निर्वाळा होता. रेमी लिंपाख या इतिहासकाराने 2016 मध्ये हिंसा ही अपवाद नसून रचनेचाच भाग होती, असे मांडले. तीन डच संस्थांच्या 2022 च्या संयुक्त संशोधनानेही तेच म्हटले, पण तेथेही ‘युद्धगुन्हा’ऐवजी ‘आत्यंतिक हिंसा’ असाच शब्द निवडला गेला. या निवडीवर झालेली टीका निराधार म्हणता येत नाही.

विधवांच्या वतीने वकील लिसबेथ झेगफेल्ड यांनी हेगच्या न्यायालयात दावा चालवला. डच सरकारने हत्या नाकारल्या नाहीत; दावा मुदतबाह्य आहे, एवढेच त्याचे म्हणणे होते. न्यायालयाने 14 सप्टेंबर 2011 रोजी विधवांपुरता हा बचाव फेटाळला. त्यानंतर दावेदारांना प्रत्येकी 20,000 युरो मिळाले. त्याच वर्षी 9 डिसेंबरला राजदूत चेर्ड द झ्वान यांनी गावात जाऊन माफी मागितली. मृतांच्या मुलांसाठी 2020 मध्ये 5,000 युरोंची वेगळी तरतूद झाली.

राजे विलेम-अलेक्झांडर यांनी मार्च 2020 मध्ये, तर पंतप्रधान मार्क रुट यांनी 17 फेब्रुवारी 2022 रोजी माफी मागितली. इंडोनेशियाचा स्वातंत्र्यदिन कोणता, हा प्रश्न याला जोडूनच येतो. परराष्ट्रमंत्री बेन बॉट यांनी 2005 मध्ये 17 ऑगस्ट 1945 ही इंडोनेशियाने स्वातंत्र्य जाहीर केल्याची तारीख राजकीय व नैतिक अर्थाने मान्य केली होती. रुट यांनी जून 2023 मध्ये ती पूर्णपणे मान्य केली. तरीही डच कायद्याच्या लेखी सत्तांतराची तारीख 27 डिसेंबर 1949 हीच राहिली.